विकेटची किंमत चेंडूगणिक बदलते

गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर 6 एप्रिल 2001 रोजी ऑस्ट्रेलियाने भारताच्या 265 धावांचा पाठलाग 48 षटकांत, चार गडी राखून पूर्ण केला. मायकेल बेवन नाबाद 87. असा खंदा माणूस हाताशी असला तरी त्याला फलंदाजीला धाडायचे कधी, हा प्रश्न उरतोच. ‘चांगला आधी, कच्चा मागाहून’ हे त्याचे पुरेसे उत्तर नव्हे.

कारण विकेटची किंमत ठरलेली नसते. समजण्यापुरते आकडे घेऊ. एक फटकेबाज सरासरी चार चेंडूंत एक चौकार मारतो, पण चार चेंडूंत एकदा बादही होतो. दुसरा एकेरी धावा हुकमी काढतो, चौकार मात्र दहा चेंडूंत एखादाच. शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या असतील तर फटकेबाजच हवा. तो बाद झाला तरी काही बिघडत नाही, सामना तिथे संपणारच असतो. आता दहा षटके बाकी आहेत आणि तीनच विकेट हातात आहेत. फटकेबाजांवर सोडले तर त्या तीन विकेट सरासरी 12 चेंडूंत जातील आणि 48 चेंडू न खेळताच वाया जातील.

हा हिशेब शेवटच्या चेंडूपासून उलटा मांडत आणतात. शेवटच्या चेंडूचा निर्णय पक्का झाला की त्याआधीच्या चेंडूचा सुटतो, मग त्याच्याही आधीचा. या रीतीला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणतात. रिचर्ड बेलमन यांनी ती 1950च्या दशकात मांडली आणि स्टीफन क्लार्क यांनी 1988 मध्ये एकदिवसीय क्रिकेटला लावून दाखवली.

पण समोर गोलंदाज कोण, हेही पाहावे लागते. 2 एप्रिल 2011, वानखेडे, विश्वचषकाचा अंतिम सामना. 275 धावांचे लक्ष्य, 3 बाद 114. युवराजच्या आधी धोनी उतरला. खेळपट्टीवर गंभीर डावखुरा होता, युवराजही डावखुरा, आणि श्रीलंकेकडे ऑफस्पिनर होते. त्यांचा चेंडू डावखुऱ्यापासून बाहेर जातो, उजव्या हाताच्या फलंदाजाकडे आत येतो. त्यातला मुरलीधरन धोनीला चेन्नईच्या संघातून चांगला ठाऊक होता. धोनी नाबाद 91, दहा चेंडू राखून विजय. माझ्या मते हा धाडसापेक्षा हिशेबाचा निर्णय होता.

डावखुऱ्या-उजव्या जोडीचे मोल डिचोलीकडे कापणीनंतरच्या शेतात खेळताना आणखी ठळक दिसते. एका बाजूला मेर (शेताचा बांध) जवळ, दुसऱ्या बाजूला सीमारेषा लांब. एका टोकाकडून षटक टाकले तर ती जवळची मेर उजव्या हाताच्या फलंदाजाची लेग साइड असते. पुढच्या षटकात टोक बदलते आणि तीच मेर डावखुऱ्याची लेग साइड होते. खेळपट्टीवर दोन्ही हातांचे असले तर प्रत्येक षटकात कुणा ना कुणाला तिकडे ओढून मारता येते. त्यामुळे पॅड बांधून बसलेल्यांपैकी कुणाला उठवायचे, हे नुसत्या यादीवर ठरत नाही. षटक कुठल्या टोकाकडून चालले आहे, तेही पाहायला हवे.

ऑक्टोबर 2022 पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत आणखी एक गोष्ट बदलली आहे. झेल पडण्याआधी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले असले, तरी नवा फलंदाजच पुढचा चेंडू खेळतो, षटक संपले असेल तरच नाही. पूर्वी जम बसलेला साथीदार पलीकडे पोहोचून स्ट्राइक घेई. आता ती सोय राहिली नाही. शेवटच्या षटकांत नव्या माणसाला पहिल्याच चेंडूला सामोरे जावे लागते, म्हणून सावकाश जम बसवणाऱ्याला तेव्हा मागे ठेवून पहिल्या चेंडूपासून मारू शकणाऱ्याला पाठवणे अधिक शहाणपणाचे झाले आहे.