टिम हॉर्टनने खेळ सोडून दुकानं काढली? छे!

बडोद्यात दांडिया बाजारात ज्या घरातलं पोर कॅनडाला शिकायला गेलंय, तिथे कॅनडातल्या ‘टिम हॉर्टन्स’ या कॉफी-डोनटच्या दुकानसाखळीची ही गोष्ट ठरलेली: टिम हॉर्टन नावाच्या हॉकीपटूने खेळ सोडला, डोनटचं दुकान टाकलं आणि हजारो दुकानांचा मालक झाला. व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरतेय.

यातलं हॉकीपटू आणि दुकान तेवढं खरं, हॉकीही बर्फावरची. 1964 मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला पहिलं दुकान निघालं. कॉफी आणि डोनट. सोबत ॲपल फ्रिटर, म्हणजे सफरचंदाचे तुकडे घालून तळलेला, वरून साखर चढवलेला वेडावाकडा गोळा. खेळ मात्र त्याने सोडलाच नाही. 21 फेब्रुवारी 1974 ला टोरंटोतला सामना आटोपून अमेरिकेतल्या बफेलोला परतताना पहाटे मोटार अपघातात तो गेला. तेव्हा दुकानं होती 40 च्या आसपास.

पसारा वाढवला तो भागीदार रॉन जॉइसने. हा आधी पोलिसात होता! हॉर्टनच्या पत्नीचा हिस्सा त्याने 10 लाख डॉलरला घेतला. पुढे तिने कोर्टात दाद मागितली, पण हरली. हा भाग मेसेजमध्ये कुणी घालत नाही. आणि पोरं फोटोत दाखवतात ते टिमबिट्स, म्हणजे डोनटचे छोटे गोळे? तेही 1976 चे, टिमच्या पश्चात आलेले.