ओडीबीसी कनेक्शन: डीएसएन कोणाला करता येतो, आधी काय जमवावं आणि ट्रेसिंग कसं वाचावं

विंडोजवरच्या एक्सेल, ॲक्सेस किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरला सर्व्हरवरचा डेटाबेस जोडायचा, तर मध्ये ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे दोघांमध्ये दुभाष्याचं काम करणारा छोटा प्रोग्राम, लागतो. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत १९९२ मध्ये आणली आणि ऑफिसांमधली कितीतरी कामं आजही तिच्यावरच चालतात. ड्रायव्हरने कुठल्या सर्व्हरकडे जायचं, हे सांगणारी नोंद म्हणजे डीएसएन (डेटा सोर्स नेम).

कोणाला करता येतो

यूजर डीएसएन कोणीही आपल्या लॉगिनमध्ये करू शकतो, पण त्याच मशीनवर दुसऱ्याने लॉगिन केलं की त्याला तो दिसत नाही. सिस्टम डीएसएन सगळ्यांना दिसतो, रात्री आपोआप चालणाऱ्या सर्व्हिसलाही. त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात, आणि ड्रायव्हर इन्स्टॉल करायलाही सहसा तेच. म्हणून आयटी विभागाला अर्ज करताना ड्रायव्हर आणि सिस्टम डीएसएन दोन्ही एकाच अर्जात मागा, नाहीतर दोनदा खेटे पडतात.

आधी काय जमवावं

सर्व्हरचं नाव किंवा आयपी, पोर्ट, डेटाबेसचं नाव आणि लॉगिन, एवढं डेटाबेस सांभाळणाऱ्याकडून लेखी घ्या. पोर्ट बदललेलं नसेल तर एसक्यूएल सर्व्हरचं १४३३, मायएसक्यूएलचं ३३०६, पोस्टग्रेसचं ५४३२ असतं. फक्त रिपोर्ट काढायचे असतील तर लॉगिन निव्वळ वाचण्यापुरतंच मागा. एक्सेलमधून चुकून मूळ डेटा बदलण्याची भीती राहत नाही.

सगळ्यात महत्त्वाची माहिती मात्र तुमच्याच मशीनवर असते: प्रोग्राम ३२ बिटचा की ६४ बिटचा? एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल असं गेलात की वरच्याच ओळीत ते लिहिलेलं असतं. इथे विंडोजचा बिट धरायचा नाही, प्रोग्रामचा धरायचा. ड्रायव्हर त्याच बिटचा हवा आणि सिस्टम डीएसएनही त्याच बिटच्या ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटरमध्ये (डीएसएन करायचा विंडोजमधला प्रोग्राम) केलेला हवा. ६४ बिट विंडोजवर हे ॲडमिनिस्ट्रेटर दोन असतात, आणि फोल्डरच्या नावांवर जाऊ नका: सिस्टम३२ मधला ६४ बिटचा, सिसवाऊ६४ मधला ३२ बिटचा. बिट जुळले नाहीत की आयएम०१४ ही एरर येते.

नोंद करताना

ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटरमध्ये ॲड दाबा, ड्रायव्हर निवडा, नाव आणि सर्व्हर भरा, शेवटी टेस्ट करून बघा. एसक्यूएल सर्व्हरचा १८ क्रमांकाचा ड्रायव्हर एन्क्रिप्शन आपणहून चालू ठेवतो, त्यामुळे १७ वर नीट चालणारं कनेक्शन इथे सर्टिफिकेटवर, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दाखल्यावर, अडतं. सर्व्हरवर योग्य सर्टिफिकेट बसवून घेणं हाच खरा उपाय. ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’वर टिक करून काम चालतं, पण ते ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपुरतंच ठेवा.

कनेक्शन अडलं तर ट्रेसिंग

ट्रेसिंग म्हणजे प्रोग्राम आणि ड्रायव्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीची फाइलमध्ये नोंद ठेवणं. आधी प्रोग्राम बंद करा. त्याच ॲडमिनिस्ट्रेटरच्या ट्रेसिंग टॅबमध्ये लॉग फाइलची जागा ठरवा आणि ‘स्टार्ट ट्रेसिंग नाऊ’ दाबा. मग प्रोग्राम उघडून जिथे अडतं तेवढीच एक कृती करा आणि लगेच ट्रेसिंग थांबवा. फाइल भराभर फुगते आणि प्रोग्रामही मंदावतो.

लॉग नोटपॅडमध्ये उघडतो. ओळीच्या सुरुवातीला प्रोग्रामचं नाव असतं, पुढे ‘एंटर’ किंवा ‘एक्झिट’ आणि फंक्शनचं नाव. सगळं वाचत बसू नका, ‘डायग’ (DIAG) हा शब्द शोधा. त्याच्यापुढे चौकटी कंसात पाच अक्षरांचा कोड असतो, तिथे अडचण कुठली ते कळतं. ०८००१ म्हणजे सर्व्हरशी जोडणीच झाली नाही: नाव, पोर्ट, फायरवॉल तपासा. २८००० म्हणजे सर्व्हर भेटला, पण लॉगिन नाकारलं. एसक्यूएल सर्व्हर असेल तर ओळीच्या शेवटी बहुधा १८४५६ दिसतो. आयएम००२ म्हणजे त्या नावाचा डीएसएनच सापडला नाही. यूजर डीएसएन केलाय आणि सर्व्हिस दुसऱ्या खात्यावर चालतेय, तेव्हा हाच कोड हमखास भेटतो.

या फाइलमध्ये क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला पाठवलेल्या आज्ञा, जशाच्या तशा उतरतात. त्यात ग्राहकांची नावं आणि रकमा असू शकतात, कधी पासवर्डसुद्धा. म्हणून व्हेंडरला अख्खी फाइल पाठवू नका. डायगची ओळ आणि तिच्या वरच्या थोड्या ओळी तपासून तेवढ्याच पाठवा, आणि काम झाल्यावर फाइल डिलीट करा.