दहा ग्रॅमचा धागा आणि मधुमेही पाऊल

मधुमेहाच्या तपासणीत रुग्णाला डोळे मिटायला सांगून त्याच्या तळपायाला नायलॉनचा एक जाडसर धागा टेकवला जातो. धागा कमानीसारखा वाकेपर्यंत दाबायचा, सेकंद-दीड सेकंद तसाच धरायचा आणि उचलायचा; रुग्णाने स्पर्श जाणवल्याबरोबर तसे सांगायचे. अंगठ्याचे टोक आणि चवड्याच्या काही ठरावीक जागा तपासायच्या, घट्टे पडलेली कातडी मात्र वगळायची, कारण तिथे निरोगी माणसालाही नीट कळत नाही. जिथे हा दहा ग्रॅमचा भार जाणवत नाही, तिथली संरक्षक संवेदना गेली असे धरतात. म्हणजे चपलेतला खडा, नवा चावरा बूट किंवा तापलेली फरशी यांची वर्दी आता त्या पायाकडून येणार नाही. काही मिनिटांत उरकणारी ही चाचणी मधुमेहाच्या दवाखान्यात पोहोचली, ती कुष्ठरोगाच्या वॉर्डातून.

मधुमेहामुळे नसा बिघडतात, हे वैद्यकाने तसे उशिराच मानले. मज्जासंस्थेच्या विकारातूनच मधुमेह उद्भवतो, असा उलटा तर्क बराच काळ चालत होता. फ्रेंच डॉक्टर मार्शल द काल्व्ही यांनी 1864 मध्ये हे कार्यकारण फिरवून मांडले आणि लंडनच्या फ्रेडरिक पेव्ही यांनी 1885 मध्ये रात्री वाढणाऱ्या वेदना, पायांची बधिरता अशा लक्षणांचे नेमके वर्णन केले. लक्षणे कळली, पण बधिरता किती, हे आकड्यात सांगायचे साधन मधुमेहवाल्यांकडे नव्हते.

ते वेगळ्याच वाटेने तयार होत होते. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ माक्स फॉन फ्राय यांनी 1890 च्या दशकात काडीला घोड्याचे केस लावून त्वचेची स्पर्शक्षमता मोजली. यामागची युक्ती फार सुंदर आहे: केस एकदा वाकला की आणखी दाबले तरी त्याचा भार फारसा वाढत नाही, त्यामुळे तपासणाऱ्याचा हात हलका असो वा जड, त्वचेवर पडणारा भार जवळपास तेवढाच राहतो. 1960 मध्ये जोसेफिन सेम्स आणि सिडनी वाइनस्टाइन यांनी मेंदूला जखमा झालेल्या माजी सैनिकांच्या अभ्यासात केसांऐवजी वेगवेगळ्या जाडीचे नायलॉनचे धागे वापरले. भार मिलिग्रॅममध्ये घेऊन, त्याला दहाने गुणून त्याचा लॉगॅरिदम काढायचा, असे त्यांचे क्रमांक ठरतात. आपल्या धाग्यावर 5.07 हा आकडा असतो. काटेकोर हिशेब केला तर तो पावणेबारा ग्रॅमच्या आसपास जातो, पण व्यवहारात सगळे त्याला दहा ग्रॅमचाच म्हणतात.

हा धागा पायापर्यंत आणण्याचे श्रेय ज्या परंपरेला जाते, ती तमिळनाडूत सुरू झाली. तिथल्याच कोल्ली डोंगरांत 1914 मध्ये जन्मलेले शल्यविशारद पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडतात, हा समज त्यांनी मोडून काढला. नसा बधिर झाल्याने रोजच्या चालण्यातला, पकडण्यातला भार कळत नाही, जखमेला विश्रांती मिळत नाही आणि अवयव झिजत जातो, असे त्यांचे म्हणणे होते. मऊ रबराच्या चपलांचे त्या परिसरात झालेले प्रयोग याच विचारातून आले. आज मधुमेहींना लिहून दिली जाणारी एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल ही त्याच घराण्यातली.

1966 मध्ये ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि मधुमेही पायांच्या जखमाही त्याच जातीच्या आहेत, हे तिथे ठसठशीतपणे पुढे आले. तिथला एक फसलेला प्रयोग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो. हातमोज्यात आणि पायमोज्यात दाब ओळखणारे संवेदक बसवून कृत्रिम वेदना निर्माण करायची, असा बेत होता. आधी कानात इशारा वाजवून पाहिला, तर रुग्ण त्याकडे दुर्लक्ष करीत. मग विजेचा झटका देऊन पाहिला, तर अवघड काम करायच्या वेळी ते यंत्रच बंद करून टाकीत. त्यात संवेदक महाग आणि लवकर खराब होणारे, त्यामुळे प्रकल्प गुंडाळला गेला. उलट, साध्या धाग्याने काम फत्ते केले: कार्व्हिलच्याच बर्क आणि सिम्स यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तळपायाला जखमा झालेल्यांपैकी एकालाही 5.07 चा धागा जाणवला नव्हता.

इतर साधनांचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. 128 हर्ट्‌झचा नादकाटा हाडावर टेकवून कंप तपासण्याची जुनी रीत बायोथेसिओमीटर या विजेवर कंप पावणाऱ्या उपकरणाने आकड्यात आणली. त्याचा व्होल्टेज हळूहळू वाढवतात आणि 25 व्होल्टच्या पुढे गेल्यावरच कंप जाणवत असेल, तर जखमेचा धोका मोठा मानतात. नसांमधून जाणाऱ्या संदेशाचा वेग हेल्महोल्ट्‌झ यांनी बेडकाच्या नसेवर 1850 मध्ये मोजला होता, पण रुग्णांत होणारी वेगाची ही तपासणी जाड तंतूंचीच खबर देते. वेदना आणि उष्णता वाहणारे बारीक तंतू तिच्या नजरेतून सुटतात, म्हणूनच रात्रभर तळपायांची आग होणाऱ्याचा अहवाल कधीकधी अगदी नॉर्मल येतो.

उपचाराच्या बाजूला चित्र अधिक विरळ आहे. गेलेली संवेदना खात्रीने परत आणणारे उपकरण नाही. इन्फ्रारेड प्रकाशाच्या पट्ट्यांबद्दल मोठ्या आशा होत्या, पण 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या खोट्या पट्ट्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. वेदनेवर मात्र मार्ग निघाला: नॉर्मन शीली यांनी 1967 मध्ये पाठीच्या कण्यात विद्युतअग्र बसवून विजेची स्पंदने देण्याच्या सुरू केलेल्या पद्धतीची दहा किलोहर्ट्‌झची आवृत्ती मधुमेही नसांच्या वेदनेसाठी अमेरिकेत 2021 मध्ये मंजूर झाली.

जखम भरण्यासाठी मात्र आजही पायाला घट्ट लपेटून बसणारे प्लास्टर आघाडीवर आहे. तेही मूळचे कुष्ठरोगाचेच. 1930 च्या दशकात सिलोनमध्ये मिलरॉय पॉल आणि भारतात जोसेफ खान यांनी ते वापरले आणि ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत नेले. ते भार तळपायभर पसरवते, हा त्याचा एक गुण. दुसरा म्हणजे, कार्व्हिलचे यंत्र रुग्ण बंद करून टाकीत, तसे हे त्यांना वाटेल तेव्हा बंद करता किंवा काढता येत नाही.