बारा वर्षं राहिला म्हणून खोली त्याची होत नाही

झुआरीनगर, वेर्णा, चिंबल. कामगारांच्या खोल्या असलेल्या गोव्यातल्या या भागांत एक समज पक्का बसला आहे : भाडेकरू बारा वर्षं राहिला की खोली त्याची. म्हणून घरमालक अकरा महिन्यांनी बिचाऱ्याला सामान उचलायला लावतात.

बारा वर्षांचा आकडा १९६३च्या मुदत कायद्यातला. पण तो मालकाचा हक्क झुगारून उघडपणे ठेवलेल्या ताब्याला लागू होतो. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो, दरमहा भाडं देतो. म्हणजे मालकी कुणाची हे तो दर महिन्याला कबूलच करतो!

अकरा महिन्यांचं कारण वेगळंच आहे. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो. तो खर्च नि खेपा टाळायची ही युक्ती. त्याच माणसाशी नवा करार करायला कोणी अडवलेलं नाही.

गोव्यात वर मुंडकारीची भीती. मुंडकार म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जागेतल्या घरात कायम राहणारा, ज्याला कायदा घराबाहेर काढू देत नाही. पण १९७५च्या मुंडकार कायद्याच्या व्याख्येतूनच घराचं भाडं देणारा वगळलेला आहे. म्हणून भाड्याची पावती द्यायला कां-कूं करणारे मालक स्वतःचाच पुरावा बुडवतात. आणि आधार कार्डावर खोलीचा पत्ता आला तरी त्याने राहणं दिसतं, मालकी नव्हे.