हरणांची हिवाळी शिकार (उत्तर अमेरिका)

पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा (ओडोकॉइलियस व्हर्जिनियानस) मुख्य बंदुकीचा हंगाम अमेरिकेच्या उत्तरेकडच्या बऱ्याच राज्यांत नोव्हेंबरच्या आसपास उरकतो आणि त्यानंतर बर्फात जी शिकार चालते तो लेट सीझन. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क ही त्यातली ठळक राज्यं. हत्यार बहुतेक वेळा धनुष्यबाण नाहीतर ठासणीची बंदूक. तारखा आणि परवाने राज्यागणिक वेगळे, दरवर्षी बदलतात.

ही शिकार वेगळी का, तर जनावरच तोवर बदललेलं असतं. उत्तरेत माजाचा भर नोव्हेंबरच्या मध्याला येतो, दिवस लहान होण्यावर तो ठरतो, थंडीवर नाही. त्या काळात नर खाणंपिणं सोडून माद्यांमागे फिरतो आणि वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा गमावतो. गाभण न राहिलेल्या माद्या साधारण चार आठवड्यांनी परत माजावर येतात, चांगलं पोसलेलं त्याच वर्षीचं मादी पिल्लूही डिसेंबरात येऊ शकतं, त्यामुळे दुसऱ्या माजाबद्दल शिकारी खूप बोलतात; पण तो विखुरलेला असतो आणि त्याच्या भरवशावर बसण्यापेक्षा चाऱ्याजवळ बसलेलं बरं असंच दिसतं. न कापता शेतात उभा राहिलेला मका, सोयाबीन, बर्फाखालची ओकच्या झाडाची फळं, नाहीतर झुडपांचे कोवळे शेंडे. संध्याकाळी उजेड मावळायच्या आधी हरणं शेताकडे निघतात, थंडीची लाट यायच्या आधी जास्तच.

चारा घालून हरणं बोलावणं मिनेसोटात बेकायदा आहे. इतर ठिकाणीही भर हिवाळ्यात एकदम मका टाकणं जनावराच्या जिवावर बेतू शकतं, कारण तोवर पोटातले सूक्ष्मजीव काटक्या आणि साल पचवायला सरावलेले असतात, अचानक धान्य मिळालं की पोटात आम्ल वाढतं आणि पोट भरलेलं असूनही हरीण मरतं. गुरांनी धान्य जास्त खाल्लं की काय होतं हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

बर्फ साधारण ४० सेंटिमीटरच्या वर गेला की चालणं महाग पडतं आणि हरणं सेडर, हेमलॉक, स्प्रूस अशा दाट सदाहरित झाडीत गोळा होतात, त्या जागेला यार्ड म्हणतात. तेच यार्ड पिढ्यान् पिढ्या वापरलं जातं, पाडस आईमागून वाट शिकतं. ही सवय मुळात कशासाठी पडली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. जुना आणि वजनदार पक्ष उबेचा आहे: मिशिगनमधल्या सेडरच्या दलदलीत जॉन ओझोगा यांनी १९६८ मध्ये छापलेल्या मोजमापांवरून दाट झाडीत वारा कमी असतो आणि तापमान कमी हेलकावे खातं हे दिसतं. दुसरा पक्ष लांडग्यांचा: मिनेसोटात नेल्सन आणि मेक यांनी १९८१ मध्ये मांडलं की एकत्र राहिल्याने बर्फात पायवाटांचं जाळं तयार होतं आणि पळायला वाव मिळतो, शिवाय कळपात एकट्यावर हल्ला व्हायची शक्यता घटते. पुढे १९९८ मध्ये ओरेगॉनात कुक आणि सहकाऱ्यांनी एल्क या मोठ्या हरणावर प्रयोग केला, त्यात झाडीच्या आडोशाने जनावराची तब्येत सुधारते असं काही आढळलं नाही. एल्क आणि पांढरी शेपटी एक नव्हेत, हवामानही वेगळं, तरी फक्त उबेवर सगळं सोडून देता येत नाही, आणि उथळ बर्फ व तुडवलेल्या वाटा हे कारण दोन्ही पक्षांना पटण्याजोगं आहे.

यार्डातल्या हरणावर एकोणिसाव्या शतकात बर्फाचा वरचा थर कडक झाल्यावर माणसं कुत्री घेऊन, रुंद जाळीचे बूट घालून तुटून पडत, हरणाचे खूर थर फोडून आत रुतत आणि त्याला पळताही येत नसे. बऱ्याच राज्यांनी त्याच शतकात असल्या शिकारीवर बंदी आणली, आणि ती आणली हे फार बरं झालं.

ठासणीच्या बंदुकीचा खरा गड पेनसिल्व्हेनिया. तिथे चकमकीच्या बंदुकीचा खास हंगाम १९७४ मध्ये सुरू झाला, तो आता नाताळनंतर असतो. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी बाहेरच्या वाटीतल्या दारूवर पडते आणि तिथून भोकातून आतला बार पेटतो, या मधल्या क्षणात नेम धरून ठेवावा लागतो. काळी दारू दमट हवा शोषते, म्हणून वाटीतली दारू वारंवार बदलतात, आणि गारठलेली बंदूक उबदार तंबूत नेत नाहीत, नाहीतर आत पाणी सुटतं.

डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत नरांची शिंगं गळतात. शिंग नसलेल्या हरणाचा परवाना घेऊन गेलेला माणूस त्यामुळे जानेवारीत मादी समजून नर पाडू शकतो, म्हणून जाणती मंडळी डोक्याचा आकार आणि शिंगाच्या जागच्या खुणा दुर्बिणीतून बघूनच बाण सोडतात.

पुढच्या वर्षी किती परवाने द्यायचे ते ठरवताना गेल्या हिवाळ्याचा हिशोब धरतात. हिवाळ्याच्या कडकपणाचा असा निर्देशांक लुई व्हर्म यांनी १९६८ मध्ये मांडला होता. मिनेसोटात ०° फॅरनहाइट (सुमारे उणे १८° सेल्सिअस) किंवा खाली गेलेल्या दर दिवसाला १ गुण आणि १५ इंच वा जास्त बर्फ असलेल्या दर दिवसाला आणखी १. एकूण १०० च्या खाली असेल तर हिवाळा सौम्य, १८० च्या वर गेला तर कडक. विस्कॉन्सिनात बर्फाची मर्यादा १८ इंच धरतात.