कार्लाइल इंडियन स्कूलचे दप्तर

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल येथे १८७९ ते १९१८ या काळात मूलनिवासी मुलांसाठी चालवलेल्या सरकारी निवासी शाळेची कागदपत्रे, छायाचित्रे, नियतकालिके व स्मरणवस्तू. लष्करी अधिकारी रिचर्ड हेन्री प्रॅट याने रिकाम्या पडलेल्या लष्करी छावणीत ही शाळा काढली. मुलांची भाषा, पोशाख, केस, नावे आणि धर्म बदलून त्यांना गोऱ्या समाजात मिसळून टाकायचे, हा तिचा उघड हेतू होता. १४० हून अधिक जमातींची सुमारे ७,८०० मुले येथे आणली गेली. शाळेने आपले यश दाखवण्यासाठी जे जपले, तेच आज तिच्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा ठरले आहे.

दप्तराचा गाभा म्हणजे विद्यार्थ्यांच्या फायली. त्या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. फाइलमधले छापील कार्ड एकदा तरी नीट वाचावे असे आहे. इंग्रजी नाव, मूळ नाव, जमात, आईवडील हयात की मृत, वय, उंची, वजन, ‘रक्त’ किती अंश मूलनिवासी, दीर्घ श्वास घेताना आणि सोडताना छातीचे माप. पुढे शाळा सोडल्याची तारीख व कारण. मूल कोणत्या गोऱ्या शेतकऱ्याच्या घरी कामाला पाठवले, त्याचाही रकाना आहे. या प्रथेला ‘आउटिंग’ म्हणत. मुलाला काय हवे होते, याला कार्डावर जागा नाही. तो आवाज ऐकायचा तर फाइलमधली पत्रे पाहावी लागतात. मुलाला घरी पाठवा म्हणून विनवणारे आईवडील तिथे भेटतात, शाळा सोडून वर्षे लोटल्यावर पत्र लिहिणारे माजी विद्यार्थीही भेटतात.

छायाचित्रांपैकी बरीचशी गावातल्याच जॉन चोएट या छायाचित्रकाराने काढली. नव्याने आलेले मूल आणि ‘सुधारलेले’ मूल अशा जोड्या तो टिपत असे. नावाहो तरुण टॉम टोर्लिनो याची जोडी सर्वाधिक गाजली. पहिल्या चित्रात मोकळे लांब केस आणि दागिने, दुसऱ्यात कोट आणि केसांचा भांग. दुसऱ्या चित्रात त्याची कांती उजळ दिसते. त्यात प्रकाशयोजनेचा मोठा वाटा आहे, म्हणून ही चित्रे निव्वळ नोंद समजू नयेत. शाळेच्या नियतकालिकाचे वर्गणीदार मिळवून देणाऱ्यांना अशा जोड्या भेट मिळत.

‘द इंडियन हेल्पर’, ‘द रेड मॅन’ यांसारखी पत्रे शाळेच्याच छापखान्यात विद्यार्थी जुळारी छापत. मजकुरावर मात्र शाळेचाच ताबा असे. हेल्परमध्ये ‘बँडस्टँडवरचा (वादकांच्या चौथऱ्यावरचा) माणूस’ नावाचे एक पात्र मुलांच्या बारीकसारीक वागण्यावर नजर ठेवून टिप्पणी करी. मुले काय करीत, कशाबद्दल बोलणी खात, हे त्यातून आपसूक कळते.

शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या वस्तू संग्राहकांना फार प्रिय. जिम थॉर्प इथलाच. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने मैदानी स्पर्धांत दोन सुवर्णपदकेही मिळवली. शाळेची आठवण बहुतेकदा या विजयांपाशीच थांबते, ही खंत आहे.

शाळेत दगावलेल्या मुलांचे दफनस्थान १९२७ मध्ये हलवले गेले. २०१७ पासून अमेरिकी लष्कर जमातींच्या मागणीवरून अवशेष परत देत आहे. त्या वर्षी नॉर्दर्न अरापाहो जमातीच्या लिटल प्लूम या मुलाच्या नावाची कबर उघडली, तर आत दुसऱ्याच दोघांची हाडे निघाली. त्याचे अवशेष २०१८ मध्ये सापडले. २०२१ मध्ये रोजबड सू जमातीची नऊ मुले घरी नेण्यात आली. कोणाला कुठे शोधायचे, हे ठरवताना जुन्या नोंदीच पुन्हा चाळाव्या लागतात.

संग्रह आजही विखुरलेला आहे. प्रॅटचे खासगी कागद येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात, तर छायाचित्रे व वस्तूंचा मोठा साठा कार्लाइलच्याच कंबरलँड काउंटी हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. डिकिन्सन कॉलेजने २०१३ पासून विद्यार्थ्यांच्या फायली आंतरजालावर खुल्या करायला घेतल्या, त्यामुळे वंशजांना पणजोबांचे कार्ड घरबसल्या पाहता येते. छावणीत आता लष्कराचे वॉर कॉलेज आहे. डिसेंबर २०२४ मध्ये शाळेची जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली.