शिन असुकाचा प्रश्न: ‘गंडम सीड डेस्टिनी’ची पार्श्वभूमी

वैमानिक आत बसून चालवतात अशा महाकाय लढाऊ यंत्रांच्या ‘गंडम’ या जपानी अ‍ॅनिमेशन परंपरेतला ‘सीड फ्रीडम’ हा चित्रपट जानेवारी २०२४मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला आणि गंडम चित्रपटांमधला १९८२पासूनचा कमाईचा उच्चांक त्यानं मागे टाकला. या चित्रपटात शिन असुका या तरुण वैमानिकाला त्याचं डेस्टिनी हे यंत्र परत मिळतं आणि तो एकटा शत्रूच्या निवडक वैमानिकांना पुरून उरतो. या प्रसंगावर जुने प्रेक्षक एवढे का हरखले, याचं उत्तर २००४-०५च्या ‘गंडम सीड डेस्टिनी’ या मालिकेत आहे.

‘गंडम’ची सुरुवात १९७९च्या मूळ मालिकेनं झाली. ‘सीड’ २००२-०३मध्ये आली, पन्नास भाग चालली आणि तिनं नवी पिढी गंडमकडे ओढली. सप्टेंबर २००३मध्ये ती संपली आणि वर्षभरातच, ऑक्टोबर २००४मध्ये, ‘डेस्टिनी’ सुरू झाली. भाग पुन्हा पन्नासच. दोन पर्वांमधला हा अपुरा वेळ पडद्यावर दिसतो. तीच तीच उड्डाणं, तेच तेच नेम धरण्याचे शॉट पुन्हा वापरलेत. विसावा, एकोणतिसावा आणि एकेचाळिसावा हे भाग तर बहुतांशी आधी घडलेल्याची उजळणीच करतात.

सुरुवात मात्र दमदार होती, आणि ते आजही सांगायला हवं. युद्धात ऑर्ब बेटांवरून पळताना शिनचे आईवडील आणि बहीण स्फोटात मरतात. त्याच्या हाती उरतो तो बहिणीचा मोबाइल. वर आकाशात त्याच वेळी पहिल्या मालिकेचा नायक किरा यामातो त्याचं फ्रीडम हे यंत्र घेऊन लढत असतो. पहिल्या पर्वात ज्याच्या पराक्रमाला आपण टाळ्या वाजवल्या, त्याच्या पायाखाली कोण चिरडलं गेलं, हा प्रश्न मालिका पहिल्याच दृश्यात विचारते. पुढे ज्युनियस सेव्हन या उद्ध्वस्त अंतराळ वसाहतीचे अवशेष पृथ्वीवर कोसळवले जातात, आणि ते पाडणारे स्वतःच जुन्या युद्धात सगळं गमावलेले असतात. सुडाची ही साखळी पहिल्या दहा-बारा भागांत फार नेमकी उभी राहते. शिनच्या इम्पल्स या पहिल्या यंत्राची रचनाही नवी होती. धड, पाय आणि मधलं छोटं विमान वेगवेगळं उडतं आणि हवेतच जुळतं, त्यामुळे एखादा भाग मोडला की युद्ध चालू असतानाच दुसरा बसवता येतो. चौतिसाव्या भागात याच युक्तीनं तो फ्रीडमला हरवतो. माझ्या मते ती संपूर्ण मालिकेतली सर्वोत्तम लढाई आहे.

मग खरा गुंता येतो तो ‘नायक’ या शब्दाचा. गंडमच्या परंपरेत मुख्य यंत्र ज्याच्या हाती, तो नायक. शिनला मालिकेच्या नावाचंच यंत्र मिळतं, पण दोन तृतीयांश भाग उलटल्यावर. पाठोपाठ किराला नवं स्ट्राइक फ्रीडम मिळतं आणि कॅमेरा त्याच्यामागे जातो. शेवटच्या टप्प्यात श्रेयनामावलीतही शिन खाली सरकला. चाहत्यांनी ही गोष्ट लगेच हेरली आणि त्यावरून आजतागायत वाद चालतो. काहींच्या मते कथेला तीन नायक होते: किरा, त्याचा जुना मित्र अथ्रन आणि शिन. अथ्रनपुरतं हे पटतं. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं वाटणारा आणि म्हणून कुठेच न टिकणारा तो माणूस चांगला लिहिलाय. शिनला मात्र हा युक्तिवाद लागू पडत नाही. बर्लिनमध्ये त्याच्या डोळ्यांदेखत किरा स्टेलाला, शिनचा जीव जडलेल्या शत्रूपक्षातल्या मुलीला, मारतो, म्हणजे किराविरुद्ध त्याची दुसरी जखम. या दोन्ही जखमांबद्दल किरा आणि शिन समोरासमोर बसून एकदाही बोलत नाहीत. शेवटच्या लढाईत शिनला हरवतो तोही अथ्रन. जुना नायक परत आला याला माझी हरकत नाही. नव्या नायकाचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, हे मात्र आजही खटकतं.

शिनच्या बाजूचा नेता ड्युरँडल याची, जनुकं पाहून प्रत्येकाचं काम ठरवणारी ‘डेस्टिनी योजना’ही शेवटच्या मोजक्या भागांत उघड होते. तिच्या बाजूनं लढणाऱ्या शिनला ती का पटली, यावर विचार करायला त्यामुळे जागाच उरत नाही.

निर्मात्यांनाही शेवट अपुरा वाटला असावा. २५ डिसेंबर २००५ला वाढवलेला अंतिम भाग दाखवला गेला. त्यात स्मारकापाशी किरा शिनपुढे हात करतो. शिन रडतो, हात धरतो, पण मनातलं बोलत नाही. त्याच काळातल्या एका मांगा (जपानी चित्रकथा) आवृत्तीनं शिनला केंद्रस्थानी ठेवलं, आणि मालिकेवर नाराज असलेले वाचक आजही तिचं नाव घेतात. चित्रपटाची घोषणा २००६मध्ये झाली होती. पण मुख्य पटकथालेखिकेचं २०१६मध्ये निधन झालं आणि प्रत्यक्ष चित्रपट यायला जवळजवळ अठरा वर्षं लागली. त्यात शिन किराच्या हाताखाली काम करतो, त्याच्या शाबासकीसाठी धडपडतो, आणि डेस्टिनीत बसल्यावर खुलतो. ऑर्बमधल्या त्या स्फोटाबद्दल मात्र दोघं याही वेळी बोलत नाहीत.